साहेबाचे पणजोबा

एका मेलेल्या इंग्रजाच्या पणजोबांपायी ज्याला अन्न गोड लागत नसे असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो अमरावतीला आमच्या शेजारी राहत होता. आम्ही त्यांना वकीलकाका म्हणत असू. वकिली नावापुरतीच, अशिलाची हकिगत ऐकता ऐकता काका त्याच्या आजोळावर घसरत आणि खटला तसाच राहून जाई. नवा माणूस भेटला की आधी गोत्र, मग नाव. काकू लग्नानंतर लवकरच गेल्या, मूलबाळ नाही. कुठून तरी वऱ्हाडात आले आणि राहिले.

साहेब म्हणजे कापूस घ्यायला इकडे सर्वांत आधी आलेला गोरा. मूर्तिजापूरजवळच्या एका शेतात त्याचं थडगं होतं. आपल्यात माणूस गेला की श्राद्धात त्याला बाप, आजा, पणजा यांच्यात मिळवतात, तेव्हा तो पितर होतो. साहेबाचं ते कुणी केलंच नाही, म्हणून तो शेतातच अडकलाय, अशी काकांची पक्की समजूत. विलायतेला पत्रं घालघालून त्यांनी बाप आणि आजा पैदा केला. गाडी अडली पणजोबांपाशी. मग मूर्तिजापूर स्टेशनात उतरणाऱ्या गोऱ्यांची धडगत राहिली नाही. मेळघाटात शिकारीला निघालेल्या एकाला त्यांनी गोत्र विचारलं. तो बंदुकीसकट पुन्हा डब्यात जाऊन बसला. शेवटी, ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप, या शास्त्राधाराने काकांनी साहेबाला काश्यपगोत्री करून टाकलं.

शेताचा मालक एकदा माझ्यादेखत म्हणाला, "वकीलसायेब, तुमी काहून जिवाले खाऊन राहिले? सायबाचा मले काई तरास नाई. दिवाळीले मी पणती ठेवतो त्याच्यापाशी."

"त्रास नाही रे," काका म्हणाले, "एकटा आहे तो."

पणजोबा काही सापडले नाहीत; काकाच गेले. त्यांचे दिवस मी केले. काकांना त्यांच्या पितरांत मिळवायची वेळ आली तेव्हा भटजींनी विचारलं, "वडील? आजोबा? पणजोबा? गोत्र?" वडिलांचं नाव दारावरच्या पाटीत होतं. पुढचं आळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबाचा आजा मात्र साऱ्यांना तोंडपाठ! जन्मभर लोकांची गोत्रं विचारत फिरलेल्या त्या माणसाला त्याचं गोत्र कुणी विचारलंच नव्हतं.

"काश्यप म्हणा," भटजी म्हणाले. मी म्हणालो.

आता सर्वपित्रीला मी दोघांना बरोबरच पाणी देतो. एका गोत्रातले ते दोघे. काकांनी एव्हाना साहेबाकडून पणजोबांचं नाव काढून घेतलं असेल. साहेबानेही काकांना त्यांच्या पणजोबांचं विचारलं असलं, तर फार बरं होईल.