चालण्याचं काम

त्या गाळ्यात भिंतीलगत ओळीने मांडलेले चपला-बूट आजही माझ्या डोळ्यांसमोर येतात. तीस वर्षांहून जास्त नोकरीत मी असंख्य पंचनामे वाचले, लिहिले, दुरुस्त केले. पण ‘जुने बूट, चपला व सपाता मिळून बेचाळीस जोड, सर्व वेगवेगळ्या मापांचे’ असं वाक्य एकाच पंचनाम्यात वाचलं.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. डोंबिवलीच्या पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. आमची हद्द अर्धी वस्तीची, अर्धी कारखान्यांची, आणि तिचं एक टोक शीळफाट्याच्या रस्त्याला टेकलेलं. ट्रकचे अपघात, पार्किंगवरून होणारी सोसायट्यांची भांडणं, गाळ्यांतल्या चोऱ्या हे रोजचं काम. परदेशी नागरिकांचा विषय वर्षातून दोन-चारदा यायचा. परदेशी माणूस घरात राहायला आला की मालकाने चोवीस तासांत ‘सी फॉर्म’ ऑनलाइन भरायचा असतो. बहुतेक मालकांना हे माहीतच नसतं. आम्ही समज द्यायचो, फॉर्म भरून घ्यायचो आणि विषय संपायचा.

एका सकाळी अकराच्या सुमारास ठाणे अंमलदारांनी फोन घेतला. फोनवरची खबर स्टेशन डायरीत सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहायची, अशी माझी सक्त ताकीद असे. त्यामुळे नोंद अशी होती: ‘एमआयडीसीतल्या गाळ्यात एक फॉरेनर बाई आहे. फिल्मच्या कामाचा व्हिसा घेऊन आली आणि इथे चपलांच्या धंद्यात मजुरी करते. व्हिसा संपलाय. लवकर उचला, नाहीतर पळेल.’ व्हिसा कोणत्या तारखेला संपला तेही त्याने सांगितलं होतं. नाव मात्र सांगितलं नव्हतं.

मी, आमच्या महिला उपनिरीक्षक आणि गोपनीय शाखेचे हवालदार असे तिघे निघालो. हवालदार त्याच भागातल्या जुन्या गावचे, त्यांना तिथला कोपरान् कोपरा ठाऊक. शटर अर्धं खाली होतं. आतून खडीवरून कुणीतरी घाईने चालत असल्याचा आवाज येत होता. आम्ही वाकून आत शिरलो आणि आवाज थांबला.

आत चाळिशीची, बारीक अंगाची, कानाला मोठे हेडफोन लावलेली परदेशी बाई उभी होती. पायात पुरुषाचे बूट. ती एका लाकडी खोक्यात उभी होती आणि खोक्यात खडी भरलेली होती. शेजारी तसेच वाळूचे, मातीचे, सुक्या पाल्याचे खोके. एक जुना दरवाजा चौकटीसकट नुसताच उभा, त्याला मागे भिंत नाही. कपबश्या, साखळ्या, करवंट्या, ओली गोणपाटं, आणि ते बेचाळीस जोड.

हवालदार माझ्या कानाशी म्हणाले, “सायेब, यो त भंगारवाल्याचा गाला दिसतंय.”

मलाही दुसरं काही सुचलं नाही. पासपोर्ट मागितला. ज्या कंपनीने हा गाळा घेऊन दिलाय तिच्या ऑफिसात तो आहे, असं तिने सांगितलं. तिच्या मोबाइलमध्ये व्हिसाच्या पानाचा फोटो होता. खबरीतली तारीख तंतोतंत बरोबर निघाली. रोजगार व्हिसा, काम ‘ध्वनितज्ज्ञ’, कंपनी ठाण्याची, आणि मुदत संपून तीन आठवडे झालेले.

ती पूर्व युरोपातल्या एका देशाची. इंग्रजी मोडकं, थोडी हिंदी आणि कुठून तरी शिकलेले दहा-वीस मराठी शब्द. तिला अटक केली नव्हती, चौकशीसाठी आणलं होतं. उपनिरीक्षक मॅडमनी जबाब घ्यायला सुरुवात केली.

“काम काय करता?”

“मी चालते,” ती मराठीत म्हणाली.

“कुठे चाललात? बसा खाली. चौकशी संपली नाही अजून.”

“हो. मी चालते. रोज चालते.”

मॅडमचा पारा चढला. तिने आपली थट्टा चालवली आहे असंच त्यांना वाटलं. मीही तेच समजलो. जबाबाच्या कागदावर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो, तो रिकामा राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती पुन्हा पुन्हा दोन बोटं टेबलावर चालवून दाखवत राहिली. मुदतवाढीचं विचारलं तेव्हा तिने कंपनीच्या व्यवस्थापकाचा मेसेज दाखवला: ‘एक्स्टेन्शन झालं आहे. काळजी नको.’ मॅडमनी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात फोन लावून खातरजमा केली. तिच्या नावाचा मुदतवाढीचा अर्जच कधी गेला नव्हता.

तिला हे सांगितलं. तिने इंग्रजीत एवढंच विचारलं, “म्हणजे मी पुन्हा कधीच येऊ शकणार नाही?”

 काळ्या यादीत नाव गेलं तर खरंच येता आलं नसतं.

चारच्या सुमारास साठी उलटलेल्या एक बाई तरातरा आत आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. ठाणे अंमलदारांना न जुमानता सरळ माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

“माझी भाडेकरू इथे आहे ना? दुपारी फोन उचलला नाही तिने, म्हणून गाळ्यावर गेले. शेजारचा म्हणाला पोलीस घेऊन गेले. काय केलं तिने?”

या टिटवाळ्याच्या काकू. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, मूळ कोकणातल्या. नव्या इमारतीत एकट्या राहायच्या आणि एक खोली या बाईला दिली होती. पिशवीतून त्यांनी भाडेकरार, पोलीस पडताळणीची पोच आणि चक्क सी फॉर्मची छापील प्रत काढली. परदेशी भाडेकरूची इतकी नीट कागदपत्रं मी आयुष्यात पाहिली नव्हती.

“व्हिसा कधी संपला, माहीत होतं तुम्हाला?” मी विचारलं.

“संपला? तो मॅनेजर तर वाढवून दिला म्हणाला. मागच्या गुरुवारी घरी आला होता, हिच्याकडून कसल्या कागदावर सही घ्यायला. ही नाही म्हणाली. तो चिडला. मला म्हणाला, काकू तुम्ही तरी समजवा. मी म्हटलं, ती नाही म्हणतेय ना, मग नाही.”

संध्याकाळ व्हायच्या आत मी बाईला काकूंच्या हमीवर घरी पाठवलं. सकाळी दहाला गाळ्यावर हजर राहायचं, या अटीवर.

दुसऱ्या दिवशी सविस्तर पंचनामा करायचा होता. दोन पंच, मॅडम, हवालदार आणि मी. काकूही आल्या होत्या. मी बाईला म्हटलं, “तुमचं काम आम्हाला करून दाखवा.”

तिने पडदा लावला. त्यावर एक मराठी सिनेमा होता, पण मुका. नऊवारी नेसलेली एक म्हातारी अंगणातून पाण्याची बादली घेऊन घरात जाते, एवढंच दृश्य. बाईने बूट काढले, पायाच्या बोटांत जोडवी घातली आणि शहाबादी फरशीच्या तुकड्यावर उभी राहिली. पडद्यावरची म्हातारी चालू लागली तशी हीसुद्धा जागच्या जागी चालू लागली. आधी टाच, मग बोटं, आणि बोटं टेकताना जोडव्याचा बारीक आवाज. एका हाताने ती बादलीची कडी करकरवत होती. उंबऱ्याशी म्हातारी थबकते तिथे हिचा पाय नेमका थबकला. मग तिने केलेलं ध्वनिमुद्रण चित्राबरोबर लावून दाखवलं. ती म्हातारी आमच्यासमोरून चालत गेली.

 हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली. “सायेब, माझी आय अशीच चालायची,” ते म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

चित्रीकरणाच्या वेळी पावलांचे, भांड्यांचे, कपड्यांचे आवाज नीट येत नाहीत. ते नंतर अशी माणसं बसून एकेक करून तयार करतात. हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं. जोडवी तिने टिटवाळ्याच्या बाजारातून घेतली होती आणि काकूंना आठवडाभर घरात पुढे चालायला लावून त्यांच्यामागे चालली होती. “मला वाटलं पोरीला वेड लागलं,” काकू म्हणाल्या. ‘मी चालते’ हे शब्दही त्यांनीच शिकवलेले. जबाबाच्या कागदावर मॅडमनी आदल्या दिवशीचा रिकामा रकाना स्वतःच्या हाताने भरला.

गाळ्यावरून परतल्यावर मी स्टेशन डायरी पुन्हा काढली. ‘चपलांच्या धंद्यात मजुरी.’ शेजारच्या गाळ्यातल्या माणसाने चपला पाहिल्या असतील, हे ठीक. पण व्हिसा संपल्याची तारीख? काकूंच्या समजुतीने तर व्हिसा वाढलेला होता. शेजाऱ्याला माहीत असणं शक्य नव्हतं. तारीख छापलेला पासपोर्ट एकाच ठिकाणी होता, कंपनीच्या ऑफिसात. मी ठाण्याच्या त्या कंपनीच्या व्यवस्थापकाला बोलावणं पाठवलं, नुसती माहिती हवी आहे म्हणून.

कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. मी त्याला चहा दिला. चौकशीत पहिला अर्धा तास माणसाला त्याच्या मनासारखं बोलू द्यावं. तो विचारल्यावर जे सांगतो त्यापेक्षा जे आपणहून सांगतो ते उपयोगी पडतं.

“ती बाई दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडून गेली, सर. तेव्हापासून मी तिला पाहिलेलं नाही.”

“पासपोर्ट?”

“तिच्याकडेच. आम्ही कशाला ठेवू?”

“व्हिसा कधी संपला?”

त्याने तारीख सांगितली. क्षणभरही न थांबता. मग स्वतःच म्हणाला, “रेकॉर्डवर असते ना, सर.”

हुशार होता. मी मॅडमना खूण केली. त्यांनी त्याचाच मेसेज त्याच्यासमोर धरला आणि शेजारच्या खोलीतून काकूंना आणून समोरच्या खुर्चीत बसवलं.

“दोन महिने पाहिलं नाही म्हणता?” काकू म्हणाल्या. “मागच्या गुरुवारी माझ्या सोफ्यावर बसून पोहे खाल्लेत. दुसऱ्यांदाही मागून घेतलेत.”

त्याने पाणी मागितलं. ग्लास रिकामा करेपर्यंत त्याचा सगळा आव गळून गेला होता.

कंपनीच्या ठाण्याच्या ऑफिसातल्या खणात एक नाही, चार पासपोर्ट मिळाले. कंपनीने आणखी तीन परदेशी तरुणींना ‘ध्वनितज्ज्ञ’ म्हणून कागदोपत्री याच गाळ्यावर कामाला दाखवलं होतं. प्रत्यक्षात त्यांना लग्नांत आणि हॉटेलांत नाचायला पाठवलं जात होतं. नोंदणी कार्यालयाची तपासणी होणार म्हटल्यावर त्याला या बाईची सही हवी होती की त्या तिघी आपल्याबरोबर काम करतात. व्हिसाची मुदत संपण्याआधीच तिने पहिल्यांदा नकार दिला होता. म्हणून त्याने तिचा अर्ज अडवून ठेवला, मुदत संपू दिली आणि त्या गुरुवारी पुन्हा नकार मिळाल्यावर स्वतःच आम्हाला फोन केला. गुन्हेगार म्हणून देशाबाहेर काढलेल्या बाईचं म्हणणं कोण ऐकणार, असा त्याचा हिशोब. त्या तिघींची सुटका झाली, कंपनीवर गुन्हा नोंदवला गेला.

तरी मुदत संपली होती ती संपलीच होती. कायद्यात ‘मला फसवलं’ असा वेगळा व्हिसा नसतो. मी अहवालात सगळं लिहिलं: पासपोर्ट कुणाकडे होता, खोटा निरोप कुणी दिला, पत्त्याची नोंद किती चोख होती. तिला कारवाईविना रीतसर परत जाण्याची परवानगी मिळाली. काम करायला मात्र बंदी होती. सिनेमातली शेवटची काही दृश्यं तशीच राहिली, ती दुसऱ्या कुणीतरी पूर्ण केली असावीत. जाण्याआधी ती काकूंबरोबर येऊन मला भेटली.  “काम राहिलं,” एवढंच म्हणाली.

निवृत्तीनंतर दोनेक वर्षांनी आमच्या त्याच मॅडमचा फोन आला. त्या आता ठाण्याला विशेष शाखेत होत्या. “सर, त्या बाईंनी पुन्हा अर्ज केलाय, दुसऱ्या कंपनीतून. तुमचा अहवाल फाइलवर आहे. प्रतिकूल काही?”

“काही नाही,” मी म्हटलं.

या प्रकरणाने मला एक धडा दिला, तो नव्या अधिकाऱ्यांना मी नेहमी सांगतो: खबर खरी आहे का हे पाहाच, पण ती देणाऱ्याला कशी कळली हे आधी पाहा. दुसरा धडा मी सहसा कुणाला सांगत नाही. फोन ठेवल्यावर मला बऱ्याच वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवला. विठ्ठलवाडीला कागदपत्रांशिवाय सापडलेला परदेशी इसम, वयस्कर, बोटांना निळा रंग लागलेला. काम काय करतोस म्हणून विचारलं तर म्हणाला होता, सिनेमासाठी आभाळ रंगवतो. आम्ही सगळे हसलो होतो. त्याला मायदेशी पाठवायच्या कागदावर मी सही केली आणि तो परत गेला. ते आभाळ कुठे आहे, हे बघायला मी गेलो नव्हतो.