जिवंत माणसाचं ताट

देओलिंदाची वाईन एकदा ज्याच्या घशाखाली उतरली, तो पुढे दुकानातल्या बाटलीला नाक मुरडणारच. नावाला 'हिरवी', रंगाला पांढरी, आंबूस आणि जिभेवर जराशी चुरचुरणारी. आमच्या लिमा नदीकाठी घरोघरी होते ती. पण ही बाई नुसती ओतून देईल तर शपथ! "जूनमधल्या भाजलेल्या सार्डिनबरोबर घे, तळलेल्या ट्राउटबरोबर घे, वर तेल ओतलेल्या कॉड माशाबरोबर तर घेच. नुसतीच ढोसायची असेल तर नदी आहे, मेल्या!" आणि वर बजावायची, "वर्षाच्या आत संपव. ही कुणाची वाट बघत नाही."

स्वतः मात्र जन्मभर वाटच बघत बसली. आता याला काय म्हणावं!

नवरा आर्मिंदू होता तोवर बरं चाललं होतं. आमच्याकडचे द्राक्षमांडव उंच, खालून बैलगाडी जाईल एवढे. छाटणी शिडीवर चढूनच करायची. तो वर कात्री चालवायचा, ती खाली काड्यांच्या मोळ्या बांधायची आणि दिवसभर दोघं एकमेकांचा उद्धार करायची. तो गेला, तशी ती स्वतः शिडीवर चढायला लागली. गेल्या हिवाळ्यात छाटणी उरकता उरकता पडली आणि खुबा मोडून बसली.

आता जानेवारीत छाटणी झाली नाही तर वेली माजणार, द्राक्षं नासणार, मांडव संपला. गावात शिडी चढेल असं तरणं माणूस उरलंय कुठे? सगळी फ्रान्सला. तिचा लेक आवेलिनूही तिकडेच, लियोंला बांधकामावर. "नाताळला येतो आई, छाटणी करूनच जातो," असं उन्हाळ्यात त्यानं फोनवर कबूल केलं होतं. त्या एका वाक्यावर बाईनं सहा महिने काढले.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिनं टेबल मांडलं. पाणी बदलून बदलून भिजवलेला खारा कॉड, बटाटे, कोबीची पानं, आणि नव्या पिंपातली पहिली वाईन. तीन ताटं. त्या रात्री आमच्याकडे टेबल आवरत नाहीत. घरातली गेलेली माणसं जेवायला येतात. आर्मिंदूचं ताट त्यासाठी. पण तिच्या सासूचा दंडक होता, निजण्याआधी जिवंतांची ताटं उचलायचीच.

कोबी उकळत असताना फोन वाजला.

"आई, यंदा नाही जमत गं."

"मग छाटणी रे?"

"कशाला हवाय तो मांडव? तोड आणि निलगिरी लाव. तिला शिडी लागत नाही."

"आणि तुझी वाईन?"

"इथं दुकानात मिळते की!"

"बरं. जेवून घे," एवढंच ती म्हणाली. मग एकटीनं कॉडवर तेल ओतलं आणि जेवली. 

सकाळी शेजारीण झुल्मिरा आली. उरलेला कॉड लसणीच्या तेलात परतून दोघी दर वर्षी एकत्र खायच्या. टेबल पाहून ती दारातच थबकली. देओलिंदाचं ताट उचललेलं होतं, पण दोन ताटं तशीच.

"अगं बाई! हे आवेलिनूचं ना? जिवंत पोराचं ताट मेलेल्याच्या शेजारी ठेवलंस? तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"मेलेली माणसं दर वर्षी न चुकता येतात, झुल्मिरा. म्हटलं, त्यांच्या पंगतीत बसवला तर हाही येईल."

झुल्मिरानं छातीवर क्रूस काढला.  मग ती लसूण सोलायला बसली.

देओलिंदानं काठी टेकत टेकत जाऊन लेकाचा ग्लास उचलला. काठोकाठ भरलेला. चुरचुर रात्रीतच मेली होती. मग नवऱ्याचा ग्लास उचलला. त्यातलाही थेंब हलला नव्हता. दर वर्षी तो ग्लास थोडा कमी झालेला दिसायचा तिला. निदान ती तसं सांगायची.

"यंदा तोही आला नाही," ती म्हणाली. दोन्ही ग्लास तिनं मोरीत ओतले आणि झुल्मिराला विचारलं, "निलगिरीची रोपं कुठं मिळतात गं?"