दिवली नावाड्याची कोण

सौंदडच्या स्टेशनाबाहेर दुधरामचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता तो समोरच्याला विचारायचा, "तू कोनाचा गा?" उत्तर मिळेपर्यंत पंक्चर सापडत नसे. माणूस तिरोड्याचा असो की नागपूरचा, दुधराम त्याच्या आत्याच्या दिरापर्यंत पोचायचा, तिथून वळून आपल्या मोहल्ल्यात यायचा आणि म्हणायचा, "म्हनजे तू माहा भाचाच झाला." तेवढ्यावर भाच्याला दुसऱ्या चाकाची हवा फुकट मिळायची.

त्याचे आईबाप तो रांगत होता तेव्हाच गेले. मोहल्ल्यातल्या घरांनी त्याला आळीपाळीनं वाढवलं. या घरची मावशी, त्या घरची मामी, पलीकडचा मोठबा म्हणजे थोरला काका. नातं म्हणजे त्याच्यासाठी वाढलेलं ताट होतं. ज्याला नातं नाही तो उपाशी, इतकं ते सरळ होतं. त्याच्या साऱ्या स्वभावाचं मूळ तिथं होतं, आणि दोन हजार तीन साली त्यानं केलेल्या घोटाळ्याचंही.

बुद्धविहाराच्या कपाटात मुलांचं एक जुनं पुस्तक होतं. मुखपृष्ठ गळालेलं, पण मोहल्ल्यातल्या दोन पिढ्यांना तोंडपाठ. तलावाखाली बुडालेलं एक गाव. दिवा धरून बसलेली दिवली नावाची मुलगी, डोंगा वल्हवणारा एक नावाडी, आणि तलावाचं पाणी सोडणारी-अडवणारी एक म्हातारी. दिवली आणि नावाडी पुस्तकभर एका डोंग्यात बसून बुडालेल्या गावाचं दार शोधतात. दिवलीची आई कोण, नावाड्याचं घर कुठं, दोघं एकमेकांचे कोण, यातलं काही पुस्तक सांगत नाही. लिहिणाऱ्यानं ते विसरून सोडलं की जाणून, हेही कळत नाही.

रविवारी विहारात मुलांना हे पुस्तक वाचून दाखवायची अल्का. ती तिरोड्याची, पण सौंदडला मामाकडे, ताराचंदकडे राहून बालवाडी चालवायची. खुशबू नावाची एक पोर दर रविवारी विचारायची, "बाई, दिवली नावाड्याची कोन?"

"पुस्तकात नाही."

"मंग तुमी सांगा."

"मले माहीत नाही. तिलेबी माहीत नसन."

मुलांना हे उत्तर चालायचं. दुधरामला चाललं नाही. चौदा एप्रिलच्या जयंतीला विहारासमोर नाटक व्हायचं आणि ते दुधराम बसवायचा. त्या वर्षी त्यानं हे पुस्तक घेतलं. सायकलच्या चाकांवर बांबू आणि ताडपत्रीचा डोंगा केला. दिवलीला अल्काच हवी होती. नावाडी म्हणून राईस मिलमध्ये काम करणारा रत्नपाल. पाणी सोडणारी म्हातारी दुधराम स्वतः, लुगडं नेसून.

तालमीच्या पहिल्याच दिवशी त्याला अडचण दिसली. "लोक इचारतीन ना. जवान पोरगा, जवान पोरगी, एका डोंग्यात. कोन होये एकमेकाइचे? काहीतरी पाह्यजे."

"पुस्तकात नाही, दुधरामदादा," अल्का म्हणाली.

"पुस्तकवाल्याले सौंदडात राहाचं नव्हतं. आपल्याले हाय."

आणि त्यानं त्यांना भाऊबहीण केलं. वर एक प्रवेश जोडला. पाणी चढायला लागतं तेव्हा दिवली ओढणीची पट्टी फाडून नावाड्याच्या मनगटाला बांधते आणि त्याला पहिल्यांदा दादा म्हणते. रत्नपाल आणि अल्का दोघंही गप्प राहिली. न पटण्याचं कारण सांगायचं तर जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते सांगावं लागलं असतं.

नाटक रंगलं. पट्टी बांधली तेव्हा रत्नपालची आई कलाबाई पहिल्या रांगेत हुंदके देऊन रडली. तिला तीन मुलगे, लेक नाही. दुसऱ्या दिवशी तिनं अल्काला घरी जेवायला बोलावलं, चार बायांसमोर साडी दिली आणि म्हणाली, "आजपासून तू माही लेक."

मानलेलं नातं आमच्याकडे रक्ताच्या नात्यापेक्षा कडक असतं. रक्ताच्या नात्यात भांडता येतं, अबोला धरता येतो. मानलेल्यात तेवढीही सोय नसते. अल्का त्या घरी सणावाराला जाऊ लागली. रत्नपालला सगळ्यांसमोर दादा म्हणू लागली. सगळं मोहल्ल्याला कौतुकाचं वाटत होतं. धानाची कापणी झाल्यावर कलाबाई रत्नपालसाठी बिरसीला मुलगी पाहायला गेली, तेव्हा नवऱ्या मुलाची बहीण म्हणून अल्कालाच सोबत घेऊन गेली. अल्कानं त्या मुलीला तिचं शिक्षण विचारलं, पोहे खाल्ले, आणि परतीच्या सगळ्या वाटेवर गाडीच्या खिडकीबाहेर पाहत राहिली.

दोन दिवसांनी रत्नपाल दुधरामच्या दुकानात सायकल घेऊन आला. दुधरामनं दोन्ही ट्यूब पाण्यात फिरवल्या.

"पंक्चर नाही हाय बे याच्यात."

"माहीत हाय."

"मंग आनली कायले?"

रत्नपाल खाली पाहत म्हणाला, "तुमी मले भाऊ काऊन बनवलं?"

"मंग दुसरं का बनवू?"

"काहीच नव्हतं बनवाचं."

दुधरामनं हातातली ट्यूब खाली ठेवली. त्यानं वर पाहिलं. तीस-पस्तीस माणसांच्या तालमीत महिनाभर जे त्याला दिसलं नव्हतं, ते आता या पोराच्या मानेवर, कानांवर लिहिलेलं होतं.

"अबे, तवाच बोलाले का झालं होतं?"

"भर तालमीत का बोलू? अन् आता माय जयंतीनंतर बिरसीवाल्याइले होकार देनार हाय."

कलाबाईला घरी जाऊन सांगावं, हे दुधरामच्या मनात आलं आणि गेलं. गावासमोर जोडलेलं नातं घरात बसून तुटत नाही. आणि कलाबाईकडून लेक काढून घ्यायची, तीही कोणी, ज्यानं ती दिली त्यानंच? हिवाळाभर तो गिऱ्हाइकांना तू कोनाचा हे विचारायचं विसरला. लोक म्हणाले, दुधरामची तब्येत बरी नाही. त्यानं ते पुस्तक घरी नेऊन पुन्हा पुन्हा वाचलं. पुस्तक आपल्या जागी गप्प होतं. दोघं डोंग्यात होती, दिवा होता, बाकी अंधार. मग त्याच्या लक्षात आलं की जिथं काही लिहिलेलं नाही तिथं एकदा लिहिता येतं, तर दुसऱ्यांदाही येईल.

पुढच्या जयंतीला लोकांनीच तेच नाटक मागितलं होतं. दुधरामनं शेवटचा प्रवेश तालमीत घेतलाच नाही. अल्काला आणि रत्नपालला एवढंच सांगितलं, "मी इचारीन त्याचं खरंखरं उत्तर द्या."

दिवस मावळला तसा मंडप भरला. पट्टी बांधून झाली, पाणी ओसरलं, बुडालेल्या गावाचं दार दिसलं. दारात लुगडं नेसलेला दुधराम काठी टेकून उभा राहिला.

"काव पोरी, हा तुहा भाऊ हाय म्हनून तुले कोनं सांगतलं?"

अल्का म्हणाली, "कोनी नाही. लोक म्हनाले, मीबी म्हनलो."

"अन् तू रे?"

"मी तं कधीच नाही म्हनलो," रत्नपाल म्हणाला.

"आयका मंग. मी या तलावाची जुनी मानूस. याच्या मायचा भाऊ पुरात हरपला. त्याची पोरगी हे. मामाची पोरगी, बहीन नाही."

तेवढ्यात पुढून खुशबू ओरडली, "हे पुस्तकात नाही!"

दुधरामनं तिच्याकडे काठी उगारली. आणि पहिल्या रांगेतून कलाबाईचा आवाज आला, "चूप वो! पुस्तकाले का समजते? मामाची पोरगी हाय ना? मंग पाहून का राहिले, लगन लावा त्याइचं!"

सगळा मंडप हसला, टाळ्या पडल्या. कलाबाईही हसत होती. मग हळूहळू लोक मंचाकडे पाहायचे सोडून तिच्याकडे पाहू लागले. तिनं मंचावर पाहिलं. रत्नपालची मान खाली होती. अल्का दिव्याआडून त्याच्याकडेच पाहत होती. कलाबाईचं हसू गेलं. ती उठली आणि मंडपाबाहेर निघून गेली.

सकाळी दुधराम दुकान उघडून नुसता बसला होता. नाटकासाठी डोळ्यांत घातलेलं काजळ निघालं नव्हतं. कलाबाई येताना दिसली तसा तो उभा राहिला.

"बाई, माहं चुकलं."

"चुकलंच तुहं. सालभर पोरगी माह्या घरी दादा-दादा म्हनत डोळे पुसे, अन् मले वाटे चुलीचा धूर व्हय." ती लाकडी पेटीवर बसली. "रात्री खूप राग आला होता. लेक गेली म्हनून रडलो. मंग ध्यानात आलं, लेक आज ना उद्या जातेच. सून घरी राहते. इतकं मलेबी समजते."

दुधरामनं खाली बसून घेतलं. छातीवर हिवाळ्यापासून ठेवलेलं काहीतरी कोणीतरी उचलून बाजूला केलं होतं.

"बिरसीवाल्याइले मी सांगतो, पोरीचा वेळ नको खराब कराले. पन ताराचंदच्या घरी मी कोनत्या तोंडानं जाऊ? काल लेक म्हनलो, आज सून म्हनू? तू जोडलं, तूच उसव. चाल पुढं."

ताराचंद अंगणात मोहफुलं वाळत घालत होता. दुधराम बोलला ते त्यानं हात न थांबवता ऐकून घेतलं. तिरोड्याला अल्काचे आईबाप होते, पण ते ताराचंदच्या शब्दाबाहेर नव्हते.

"आमची कायची अडचन?" तो म्हणाला. "पोरगा बरा हाय, घर बरं हाय. मी सोता इचारनार होतो मागल्या साली. तवा तुमीच त्याइले भाऊबहीन करून ठेवलं. मी म्हनलो, चाला, नसीब."

"मागल्या साली?" कलाबाईनं कपाळाला हात लावला आणि दुधरामच्या पाठीत एक धपाटा घातला. तिघंही हसायला लागले, दुधराम सगळ्यांत जास्त, डोळ्यांतलं काजळ गालांवर येईपर्यंत.

आतून अल्काचा आवाज आला, "मामा, दुधरामदादाले सांगा, पुढच्या नाटकात मले कोनाचीच कोनी करू नका."