ओली वात

मी सोलापूरकडच्या वाशी गावातल्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि मी तापट आहे. यातली पहिली गोष्ट मी सांगते, दुसरी इतर लोक सांगतात. वर्गात कुणी न समजताच मान डोलावली की माझं डोकं फिरतं. "समजलं नसेल तर नाही म्हणा," असं मी दर तासाला ओरडते. एवढं ओरडणाऱ्या मला स्वतःच्या आईला मात्र विचारायचं सुचलं नाही की बाई, तुला नेमकं काय समजलं?

आम्ही वाशीजवळच्याच तेरखेड्याचे, फटाक्यांच्या गावचे. आईनं पंचवीस-तीस वर्षं फटाक्यांच्या कारखान्यात माळा ओवल्या. एकेका फटाक्याची वात मधल्या लांब वातीत गुंफत जायचं, सैल नाही, घट्ट नाही. या कामात हात कोरडे लागतात. पाण्याचा माठ शेडपासून लांब, लिंबाखाली असायचा. पाणी प्यायला उठलं की परत बसण्याआधी हात, तोंड, मनगटावरच्या बांगड्यासुद्धा पदरानं कोरड्या करायच्या. काम सुटलं तरी ही सवय सुटली नाही. घरात चहा पिऊनही ती तसेच हात पुसायची आणि मी चिडवायचे, "आये, आता काय भाकरीला वात लावायचीय?"

पेशीचं मरण हा माझा आवडता धडा. पेशी म्हातारी झाली, बिघडली की तिला मारायला बाहेरून कुणी यायची गरज नसते. मरणाचं सामान तिच्यात आधीपासूनच भरलेलं असतं. विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात, मिटलेल्या कात्र्यांसारखी. इशारा आला की पहिलं विकर जागं होतं, ते पुढच्यांना कापून जागं करतं, ती आणखी पुढच्यांना, आणि मग सगळी मिळून पेशीला आतून कातरून काढतात. पेशी आकसते, तिच्या बारीक पुड्या होतात आणि आजूबाजूच्या पेशी त्या पुड्या गिळून टाकतात. हे सगळं मी फटाक्यांच्या माळेवरून शिकवते. आमच्या भागातल्या पोरांना मग फळ्यावर चित्र काढूनही दाखवावं लागत नाही.

गेल्या वर्षी आईच्या मानेला गाठी आल्या. थकवा तर आधीपासूनच होता, पण बायकांचा थकवा कोण मोजतं. सोलापूरला तपासण्या झाल्या. रक्ताचा कॅन्सर निघाला, हळूहळू वाढणारा. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं नीट समजावलं की या आजारात रक्तातल्या काही पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत, नुसत्या साठत जातात. रोज गोळी घ्यायची, सुरुवात थोडीशी आणि मग दर आठवड्याला वाढवत न्यायची. आणि दिवसाला तीन लिटर पाणी. पाण्याचं तिनं दोनदा सांगितलं. का, तेही सांगितलं, पण इंग्रजीत आणि माझ्याकडे बघून. आई तेव्हा भिंतीवरच्या पंख्याकडे बघत होती.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "त्या पेशी मरायचं इसरल्यात, व्हय?"

मला हुरूप आला. मी चुलीपुढं बसून अख्खा धडा शिकवला. माळ कशी, पहिला फटाका कोणता, एकामुळं दुसरा कसा. आई लक्ष देऊन ऐकत होती. शाळा न शिकलेली माझी आई प्रश्न मात्र असे विचारत होती की बारावीची पोरं लाजली असती. "पहिल्याला पेटवतं कोन? मदी एखादा फुसका निगाला तर?" आणि मग तीच म्हणाली, "म्हंजी माजी माळ नीट हाय. वात वली झालीया, म्हून पेटंना."

"अगदी बरोबर!" मी म्हणाले. टाळी द्यायचीच बाकी ठेवली होती.

ते अगदी बरोबर नव्हतं. अशा पेशीत एक प्रथिन फार वाढलेलं असतं आणि ते पहिल्या फटाक्यापर्यंत काडी पोचूच देत नाही. गोळी त्या राखणदाराला बाजूला करते. ओलाव्याचा इथं संबंधच नाही. मला हे माहीत होतं. पण उदाहरण इतकं झकास जमलं होतं की ते मोडायचं माझ्या जिवावर आलं.

रोज सकाळी कॉलेजला निघताना मी दोन मोठ्या बाटल्या आणि एक तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवायचे. संध्याकाळी सगळं रिकामं असायचं. माझा जीव भांड्यात पडायचा. उन्हाळा होता, सगळी झाडं सुकून गेली होती, पण मोरीजवळचा आमचा कढीपत्ता मात्र कसा तरारला होता. मी त्याची पानं तोडून पोह्यांत घालायचे.

गोळी दुसऱ्यांदा वाढवली आणि रक्ताचा रिपोर्ट बिघडून आला. मूत्रपिंडावर ताण आला होता. डॉक्टरीण म्हणाली, "मॅडम, पेशी भराभर मरताहेत, गोळी चांगली लागू पडलीय. पण आई पाणी पितात ना?"

"मी स्वतः भरून ठेवते," मी फटकारलं. "रोज. तुम्ही तुमच्या गोळीचं बघा."

गोळी थांबवून तिनं आईला भरती करून घेतलं. म्हणाली, आणखी बिघडलं तर जिवावर बेतेल. वडील गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत. मला भाऊ नाही, बहीण नाही, आई गेली तर मला "जेवलीस का" विचारणारं या जगात कुणी उरणार नव्हतं.

नर्स सलाईन लावायला आली तशी आईनं हात मागं घेतला. "ह्यात काय हाय?"

"पाणीच आहे, आजी. मिठाचं."

"मग नगं. पानी नगं. इतक्या दिसांचं वाळवल्यालं सगळं वाया जाईल."

मी विचारलं, "काय वाळवलंस तू?"

"वात," आई म्हणाली. "तूच म्हनलीस न्हवं, वली झालीया म्हून? वल्या वातीवर आनिक पानी वतल्यावर ती पेटंल का? डॉक्टरला काय ठावं माळंचं. म्या घोट घोट घ्यायची, गोळीपुरतं. बाकीचं कढीपत्त्याला घातलं. फेकलं न्हाय."

मी तिच्यावर ओरडले. दवाखान्यात, सगळ्यांसमोर. वेडी आहेस का, मरायचंय का तुला, असं वाट्टेल ते बोलले. आईनं मान खाली घातली, वर्गात माझी पोरं घालतात तशी. ती वेडी नव्हती. जन्मभर हातानं जे शिकली होती त्याला माझं वाक्य जोडून तिनं चोख काम केलं होतं. वाक्य चुकीचं होतं आणि ते माझं होतं.

मी पलंगावर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. वात ओली नाही आये, मी चुकीचं बोलले. वातीपुढं एक राखणदार बसलाय, गोळी त्याला हटवते. पाणी वातीपर्यंत जातच नाही. पाणी नंतरच्यासाठी. दिवाळीत माळ वाजून गेली की रस्ताभर कागद पडतो ना? एकदोन माळांचा शेजारचे उचलतात. तुझ्या अंगात शेकडो माळा एकदम वाजताहेत, शेजाऱ्यांना आवरेना, कचऱ्यानं मोरी तुंबलीय. ती धुवायला पाणी.

आई म्हणाली, "कचऱ्याचं आदी सांगायचं की गं. झाडून तर आमीच घ्यायचो." आणि तिनं हात पुढं केला.

मग मी विचारलं, "काय समजलं, सांग बरं?" तिनं सगळं बरोबर सांगितलं.

तीन दिवसांनी रिपोर्टचे आकडे उतरले. गोळी परत थोडीशी सुरू करू, असं डॉक्टरीण म्हणाली. मी तिची माफी मागितली, ती हसली. खोलीत आले तर आई उठून बसली होती आणि दोन्ही हातांत पेला धरून पाणी पीत होती. घोट घोट नाही, गटागटा. गळ्यावरून ओघळ आला तरी ती थांबली नाही. एवढ्या उन्हाळ्यात तिनं पंधरा-वीस दिवस कसे काढले असतील, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आये, तहान लागत नव्हती का गं?"

"लई लागायची." तिनं पेला खाली ठेवला आणि सवयीनं हात, तोंड, बांगड्या पदरानं कोरड्या केल्या. "भरल्याल्या बाटल्या उशाला, नदर तिकडंच जायाची. पर तू म्हनली हुतीस, अगदी बरोबर."