काशिनाथ हरायचा

एसटी देवळासमोर उभी होती आणि आमचा डाव संपत आला होता. सामान टपावर चढलं होतं, बायको पोरींना घेऊन आत बसली होती आणि कंडक्टर घंटी वाजवून कंटाळला होता. "थांब रे बाबा, दादांना मात करू दे," असं कुणीतरी त्याला ओरडून सांगितलं, आणि तो खरंच थांबला. काशिनाथने पटाकडे पाहून कपाळावर हात मारला.

"अरारा! ह्यो उंट मला दिसलाच न्हाई. जा दादा, आता जालन्यात तुमच्या तोडीचा कोन घावतो ते बघा."

माझे वडील, आबा, बाजूला बसून हसत होते. मी धावडा सोडलं ते असं, जिंकून.

ते १९८१ साल. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि भोकरदनच्या कचेरीतून माझी बदली जालन्याला झाली. तसं अंतर फार नाही. पण गावात मी आबांचा मुलगा होतो. दुकानात गेलो तर आधी बसलेला उठून जागा द्यायचा. जालन्यात भाड्याच्या दोन खोल्या आणि सार्वजनिक नळ. "ओ चष्मेवाले, बादली मागं घ्या," हे पहिल्या आठवड्यात ऐकलं. आज पोरींना हे सांगितलं तर त्या हसतात. तेव्हा मी रात्रभर कुढत होतो.

अशा वेळी माणूस आपल्याला येतं ते शोधतो. मला बुद्धिबळ येत होतं. वीस वर्षं मी काशिनाथशी खेळत होतो. काशिनाथ माझ्याच वर्गातला, पुढे आमची ओढ्याकाठची जमीन बटईने करायचा. निम्मं पीक त्याचं, निम्मं आमचं. गावात तोच एक चांगला खेळणारा, आणि त्याला मी नेहमी हरवायचो.

जालन्यात खेळतात कुठं, हे कळायलाच दीड-दोन वर्षं गेली. वाचनालयात विचारलं तर त्यांनी कॅरमवाल्यांकडे पाठवलं. तालमीतल्या वस्तादाने मला वरून खाली न्याहाळलं. शेवटी कचेरीतल्या एकाने सांगितलं की कापडाच्या एका दुकानावरच्या खोलीत रविवारी सय्यद सर नावाचे शिक्षक क्लब चालवतात. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सतरंजीवर पट मांडलेले, बहुतेक शाळकरी पोरं. "शिकायला आलात?" सरांनी विचारलं. "नाही, खेळायला," मी म्हणालो.

तीन डाव झाले. पहिल्यात माझ्या राजावर संकट आलं तशी मी त्याला घोड्यासारखी उडी मारायला लावून बाहेर काढलं. आमच्याकडे राजाला अशी एक उडी माफ असते. सगळी खोली हसली. ते मी सोसलं. नियम वेगळे, म्हटलं. पण तिन्ही डाव मी चहा निवायच्या आत हरलो. सर मोहरे पुन्हा मांडता मांडता हळूच म्हणाले, "साहेब, राग मानू नका. तुमचा वजीर आजवर कुणी मारला नाही का?"

"म्हणजे?"

"तुम्ही मोहरा कुठंही ठेवता. समोरचा तो मारील, ही शंकाच तुम्हाला येत नाही. या पोरांनाही येते. हरणारे लई पाह्यले. ज्याला कुणी हरूच दिलं नाही असा माणूस पहिल्यांदा पाहतो." मग म्हणाले, "पुढच्या रविवारी या. सुरुवातीपासून करू. बिलकुल सुरुवातीपासून."

जिना उतरताना कानात एकच आवाज होता. अरारा, दिसलंच न्हाई. वीस वर्षं काशिनाथला काहीच कसं दिसलं नव्हतं?

आबा आदल्याच वर्षी गेले होते. विचारायला उरला काशिनाथ. गावी गेलो तेव्हा तो खळ्यावर होता. मी पाणीसुद्धा न घेता विचारलं.

तो पायाने माती सारखी करू लागला. "आबांनी सांगितल्तं. लहानपनी तुम्ही हरलात की ताटावर बसायचे न्हाई. आबा म्हनले, काश्या, तुझं काय जातंय? जिंकू दे पोराला."

"आणि मोठं झाल्यावर?"

"मंग सवयच पडली दादा. तुम्हालाबी आन् मलाबी."

"आज खरं खेळ."

"नगा दादा. उगा कशाला?"

मी पट मांडायला लावला. त्याने मला सहज हरवलं. त्याचा हात आधी कधी असा चाललेला मी पाहिला नव्हता. शेवटची चाल करून त्याने वर पाहिलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, साधा, खेळणाऱ्या माणसाचा. तोच मला सहन झाला नाही.

पाडव्याला बटईचा सौदा नवा होतो. त्या पाडव्याला मी जमीन दुसऱ्याला दिली. लोकांनी कारण विचारलं. मी म्हणालो, "माणूस विश्वासाचा राहिला नाही." बटईदाराबद्दल मालक असं बोलला की गावात त्याचा एकच अर्थ होतो: पिकात हात मारला. तो अर्थ होणार, हे मला बोलतानाच माहीत होतं. मग कुणीच त्याला रान दिलं नाही. पुढच्या साली तो बायकापोरांसह शहागडला मेहुण्याकडे निघून गेला. मी बदलीने गाव सोडलं, त्याला माझ्या एका वाक्याने सोडावं लागलं. त्याच्यासाठी कुणी एसटी थांबवली नसणार.

सय्यद सरांकडे मात्र मी पुढे बरीच वर्षं गेलो. पोरांच्या शेजारी बसून शिकलो, पोरांकडून हरलो. खेळ कळू लागला तसं हेही कळलं की समोरच्याला संशय न येता हरणं जिंकण्याहून अवघड असतं. तरी खरं सांगतो, फसवलं गेल्याचा राग गेलेला नाही. आबांवरचा तर नाहीच. मला लाडाने अडाणी ठेवलं त्यांनी. पण ज्यांच्यावर राग होता ते गेले होते, आणि जो हाताशी सापडला त्याला मी शिक्षा केली.

निवृत्तीनंतर शहागडला गेलो. हायवेवर, पुलाच्या अलीकडे, त्याचं चहाचं हॉटेल आहे. ट्रकवाले त्याला काका म्हणतात. त्याने मला लगेच ओळखलं, बाकडं पुसलं. मी सगळं बोललो. माझं संपेपर्यंत तो दूध ढवळत होता.

"माझ्यापाशी काय कबूल करून राह्यले दादा? म्या चोरी केली न्हाई, हे मला ठावंच हाय. थोरलीची सोयरीक मोडली त्या एका बोलन्यापायी. ज्यांला ठाऊक न्हाई त्यांला सांगा जाऊन."

निघताना त्याने चहाचे पैसे घेतले. मोजून घेतले. मला बरं वाटलं.

तिथून तसाच धावड्याला गेलो. देवळापुढे चार जुनी माणसं बसली होती, त्यांना सरळ सांगितलं: काशिनाथने काही चोरलं नव्हतं, मी खोटं बोललो. मग एकजण म्हणाला, "दादा, तुमचं मन मोठं. त्या काशिनाथची इज्जत झाकायला इतकं सोताच्या अंगावर घेऊन राह्यले." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी देवाची शपथ घेतली. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. वाद कुणीच घातला नाही, आणि विश्वासही ठेवला नाही.

म्हणून हे लिहिलं. धावड्यात राहिलेल्यांसाठी, आणि तिथून औरंगाबाद, पुण्याला गेलेल्यांसाठीसुद्धा, कारण गावच्या गोष्टी तुम्हीही सोबत नेल्या आहेत. गाव कुठलं म्हणून विचारलं तर मी अजून धावडाच सांगतो. शेत विकलं, घरात पुतणे राहतात. तिथं आता माझं म्हणावं असं एकच उरलं आहे, ते खोटं वाक्य, आणि ते मी उपटायला गेलो तर गाव उपटू देत नाही. काशिनाथने आमच्या रानातलं एक बोंडही इकडचं तिकडं केलं नाही. हे वाचून मला मोठ्या मनाचा म्हणू नका. त्या रस्त्याने जाल तेव्हा शहागडला उतरा आणि त्याला सांगा, की तुम्हाला हे खरं वाटलं.