अक्कांच्या पिस्तुलातली पिन

अक्का कधी खुर्चीवर टेकल्याचं मला आठवत नाही. हुबळीच्या विद्यानगरातल्या आमच्या नेमबाजी क्लबात त्या शिकवायच्या, पण एका जागी दोन मिनिटं नाहीत. "अक्का, कुंद्री, बसा जरा," म्हणत कुणी खुर्ची पुढं सरकवली, तर तोवर त्या दुसऱ्या टोकाला पोचलेल्या असायच्या. पिस्तूल उचललं की मात्र पापणीही हलत नसे.

क्लबाकडं एकाच बनावटीची दोन जुनी पिस्तुलं होती. एक अक्का वापरायच्या, दुसरं मी; मुठी आपापल्या हाताच्या मापाच्या. त्यांत नाजूक भाग एकच, काडतुसावर आपटणारी छोटी पिन. आत काही नसताना घोडा ओढला, की ती थेट लोखंडावर बसायची आणि टोकाला चिरायची. चिरलेली पिन कधीही तुटणार, आणि नवी कुठंच मिळत नव्हती. म्हणून गोळीविना सराव करताना आत झाडलेलं रिकामं काडतूस घालायचं आणि दर आठवड्याला पिन काढून भिंगाखाली बघायची, हा अक्कांचा नियम. दुर्गदबैलच्या बाजारात, गर्दीत भेटल्या, तरी आईसमोर आधी तेच विचारायच्या, "पिन बघितलीस काय गं?" मला संकोच वाटायचा.

राज्याच्या निवड चाचणीच्या आठवड्यात मला धीर नव्हता. रिकामं काडतूस शोधायचा कंटाळा केला आणि तीन दिवस तसाच घोडा ओढत राहिले. चाचणीच्या सकाळी अक्कांनी पिन भिंगाखाली धरली. टोकाला केसाएवढी चीर होती.

"काडतूस घातलेलं होतंस?"

मी मान खाली घातली.

अक्कांचीही तीच चाचणी होती, आणि दोघींची पाळी एकाच वेळी. याआधी दोनदा त्यांची निवड थोडक्यात हुकली होती. त्यांनी आपलं पिस्तूल उघडलं, पिन काढली, माझ्या पिस्तुलात बसवली आणि पाच गोळ्या झाडून खात्री केली. मी नको म्हणून हात धरला.

"मला फिरायची सवय आहे की," त्या म्हणाल्या. "तू उभी राहा."

मी नेम धरत होते तोवर त्या बाहेर कुंपणालगत येरझाऱ्या घालत होत्या. निवड झालेल्यांच्या यादीत माझं नाव शेवटचं लागलं.

पुढच्याच वर्षी यजमानांच्या बदलीमुळं त्यांनी हुबळी सोडली. स्टेशनवर मी म्हटलं, ती जागा तुमची होती. त्यांनी माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी केली आणि गाडी आली.

परवा त्या गेल्याचं कळलं. त्या दिवशी उभ्या राहिल्या असत्या, तर निवडल्या गेल्या असत्या का? त्यांना उत्तर ठाऊक असावं. मी कधी विचारलं नाही.