पाठीवरचा धमार

युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, दसऱ्याच्या आधी, माझी धाकटी बहीण कुसुम लष्कर भागातल्या दवाखान्यातून दौलतगंजातल्या घरी परत आली. तिला ठोकेमामांनी खांद्यावर बसवून आणले. मागून टांगा आला. त्यात फक्त तिची उशी होती.

ठोकेमामा हे आईचे थोरले भाऊ. त्यांनी लग्न केले नव्हते, राहायला आमच्याकडेच होते. खासगी बाजारातल्या एका देवळात ते पखवाज वाजवत. हाताखाली येईल ते वाजवायची त्यांना सवय होती: पाट, पितळी डबा, दार, वाकून जोडे घालणाऱ्या वडिलांची पाठ. ठोकेमामा हे नाव कुसुमने ठेवले. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावावी लागते. मामा तिचा गोळा रोज आईच्या परातीतून उचलत.

"दादा, रोज एक पोळी कमी पडते," आई म्हणे.

"माझ्यातली कमी कर," मामा म्हणत आणि जेवताना हे विसरत.

कुसुम तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या छातीत अगदी लहानपणापासून चिकट कफ साचत असे. खाल्लेले अंगी लागत नसे. उन्हाळ्यात घाम वाळला की तिच्या परकर-पोलक्यावर मिठाचे पांढरे डाग पडत. कपाळाचा मुका घेतला तर ओठ खारट होत. या आजाराला आमच्या डॉक्टरसाहेबांजवळ नाव नव्हते. उपाय मात्र एक होता. मुलीला पालथे निजवायचे, डोके उतरते ठेवायचे आणि तळहात खोलगट करून पाठीवर थापा मारायच्या. कफ सुटतो, खोकल्यावाटे पडतो, श्वास मोकळा होतो.

दवाखान्यात हे काम नर्सबाई करत. त्यांच्याकडे सगळा वॉर्ड होता. घरच्यांना फक्त संध्याकाळी आत सोडत. एरवी कुसुम भिंतीकडे तोंड करून पडलेली असे आणि ताटाला हात लावत नसे. एका संध्याकाळी मामांनी नर्सबाईंचे हात पाहिले.

"बाई, लय सुटते आहे."

"पंडितजी, यह अस्पताल है, मंदिर नहीं."

मामांनी डॉक्टरसाहेबांना व्हरांड्यात गाठले. "साहेब, थापच मारायची ना? जन्मभर मी दुसरं काय करून राहिलोय?"

डॉक्टरांनी हात कसा ठेवायचा ते दाखवले आणि मुलीला घरी न्यायची परवानगी दिली. पंधरवड्याला तपासायला आणायचे. कफ साचलेला आढळला तर थंडी संपेपर्यंत ती वॉर्डात राहील. "यात मग रडारड चालणार नाही," ते म्हणाले. ते कुसुमकडे नव्हे, मामांकडे पाहत होते.

घरी आल्यावर नुसत्या थापा मारणे मामांना फार दिवस जमले नाही. त्यांनी कुसुमच्या पाठीवर धमार बसवला. या तालाचे चार भाग असतात. मामांनी पाठीच्या चार जागा धरल्या. उजवा खांदा, डावा खांदा, डाव्या बरगड्यांचा तळ, उजव्या बरगड्यांचा तळ. तोंडाने बोल चालू. कुसुम पालथी पडून तेच बोल उशीत म्हणे.

"समेवर खोकल, बेटा! आली, आली... हां!"

खोकला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला की मामा "क्या बात है!" म्हणून ओरडत. कुसुम हसे, हसण्याने पुन्हा खोके आणि आणखी कफ पडे. "तुमच्याकडे आजारी माणूस आहे की मैफल?" शेजारच्या काकू खिडकीतून विचारत. कुसुम जेवू लागली. पोळीवर मीठ पसरून खाई, ताकातही जास्तीचे मीठ मागे.

पहिल्या तपासणीत डॉक्टरांनी तिची पाठ ऐकली आणि पुन्हा पंधरवड्याने यायला सांगितले. दुसऱ्या खेपेला ते डाव्या बरगड्यांच्या तळाशी बराच वेळ नळी लावून राहिले.

"बाकी सगळीकडे साफ आहे. इथे भरलेलं आहे. इथे मारत नाही का तुम्ही?"

"मारतो की!"

"करून दाखवा."

मामांनी कुसुमला तपासणीच्या टेबलावर पालथे केले आणि बोल सुरू केले. उजवा खांदा झाला, डावा झाला. तिसऱ्या जागेशी त्यांचा हात उचलला गेला, हवेत फिरला आणि चौथ्या जागेवर उतरला. डॉक्टरांना गाणे ऐकायचा नाद होता. त्यांनी नळी कानातून काढली.

"अहो, ही तर खाली!"

तालातल्या 'खाली' या भागावर टाळी देत नाहीत. हात नुसता हवेत फिरवतात. धमारात ती तिसरी येते.

"मग? खालीवर टाळी देऊ?" मामा म्हणाले.

"द्या."

"साहेब, गुरूंनी हात तोडला असता."

"आणखी एक पंधरवडा देतो. तेवढ्यात कफ नाही गेला तर मुलगी माझ्याकडे राहील."

त्या संध्याकाळी मामांनी प्रयत्न केला. तिसऱ्या जागेशी हात आपोआप वर जात होता. बोल न म्हणता करून पाहिले, तेव्हा सगळ्याच थापा ढिल्या पडल्या. कुसुम उशीतून म्हणाली, "मामा, मला नाही जायचं तिकडे." आई परातीवरून उठली, कणकेच्या हातांनी खाटेशी आली आणि भावाच्या समोर उभी राहिली.

"दादा, तू तुझं वाजव. खाली मी देते."

"तू?"

"लहानपणी हात लावू दिला नाहीस पखवाजाला. आता सरक."

मामांनी डोळे मिटले आणि बोल सुरू केले. खालीला आईची थाप पडली, तेव्हा दाताखाली खडा यावा तसा त्यांचा चेहरा झाला. कुसुम खोकली, समेच्या बरीच आधी. कोणी तक्रार केली नाही. पुढच्या पंधरवड्याला तळ साफ निघाला. ती थंडी कुसुमने घरी काढली.

पुढच्या वर्षी तिला निमोनिया झाला. तेव्हा दवाखान्यात न्यायला पहिले मामाच उठले. ताप उतरेपर्यंत ती वॉर्डात होती. नर्सबाई मामांना सकाळीही आत सोडत आणि खाली स्वतः देत.

देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी, थंडी सरता सरता, मामांच्याच छातीत कफ भरला. त्यांनी घरी राहायचे ठरवले. डॉक्टरसाहेब घरी येऊन पाहून जात. पंधरा-सोळा वर्षांची कुसुम त्यांच्या पाठीशी बसून थापा मारी. मामा बारीक आवाजात बोल म्हणत. खाली आली की त्यांचा हात पांघरुणाबाहेर येऊन हवेत फिरे. कुसुम तिथेही थाप देई.

"बिघडवलास धमार," एकदा ते म्हणाले, आणि खोकले.

"समेवर आलात, मामा. क्या बात है!"

मामा होळीच्या आधी घरीच वारले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कुसुमला पालथे निजवले, बोल सुरू केले आणि चारही जागा एकटीने वाजवल्या.